दीड तास हल्ला बंद

मंगळवारी दुपारी औरंगपुऱ्यातल्या दातांच्या दवाखान्यात मधुसूदनराव गाल धरून बसले होते. समोर कंपनीची ओळखपत्रं गळ्यात अडकवून मनस्विनी आणि देवेश नंबरची वाट बघत होते.

"देवेश, आपल्या निनादच्या ऑफिसच्या खात्यात कुणीतरी घुसायला बघतंय रे. चुकीचा पासवर्ड टाकतं, सिस्टीम हाकलून देते."

"हाकललं ना? मग विषय संपला."

"संपला कसा? हाकललेल्यांवरच तर नजर ठेवायची. कधी येतो, काय शोधतो, त्यावरूनच कळतं."

"निनादकडं काय आहे चोरण्यासारखं?"

"हजेरीचं पान उघडायला बघतोय."

"निनादची हजेरी? अरे देवा! त्याचं तर लग्न जमतंय ना?"

मधुसूदनरावांच्या दाताचा ठणका एकदम थांबला. लेकीसाठी निनादचं स्थळ त्यांनीच शोधलं होतं.

"गंमत ऐक. दिवसभर धडका मारतो, पण रोज दीड तास गप्प. सोमवारी सकाळी, मंगळवारी दुपारी, बुधवारी बारानंतर."

"जेवत असंल."

"सोमवारी सकाळी साडेसातला? मी आईच्या पंचांगाशी ताडून पाहिलं. राहुकाळ आहे तो, राहुकाळ!"

"लई भारी! राहुकाळ पाळणारा हॅकर!"

"मग काय! आपणही चहाला तेव्हाच जायचं."

आतून नर्सनं हाक मारली. "मधुसूदन काका, चला, दात काढायचाय."

"थांबा हो ताई," मधुसूदनराव सवयीनं बोलून गेले, "साडेचारपर्यंत राहुकाळ आहे."

दोघांच्या माना एकदमच वळल्या.

"काका," मनस्विनीनं गोड आवाजात विचारलं, "मुलीचं लग्न काढलंय का?"