ढाबळीची खिट्टी

—‘दार उघडं राहिलं म्हणून सांगू तिला. दोन दिवस रडेल, मग स्वतःचं पोर झालं की विसरेल.’ असं म्हणाल्या सासूबाई. मला नाही हो काकू, सासऱ्यांना. मी न्हाणीघरात होते, त्यांना वाटलं नळ चालू आहे; तो मी केव्हाच बंद केला होता. लग्नाला चार महिने व्हायचे होते — आणि मी तशीच उभी, तोंडात फेस, हातात ब्रश. नाही, तुम्ही बसा ना, डॉक्टर आत एका कुत्र्याला टाके घालतायत, अर्धा तास तरी जाईल. पोपट आहे का? झाकून आणलात ते बरं केलंत. शाई तशी काही करत नाही. टोपलीत आहे, आणि पाय मोडलाय तिचा, मागचा डावा.

शाई म्हणजे — नाकावर शाईचा ठिपका पडल्यासारखा आहे ना, म्हणून. माहेरून माझ्याबरोबर आली. सात वर्षांची, पण उंबरठा ओलांडलेला नाही. आमच्याकडची आधीची दोन मांजरं गाडीखाली गेली, तेव्हा वडील म्हणाले, आता मांजर पाळायचं तर घरात, नाहीतर पाळायचंच नाही. जग बघायचं ते खिडकीतून. अहो, झाडू दिसला की कपाटामागे पळणारं जनावर ते! पण सासरे म्हणाले, मांजर कोंडून ठेवणं म्हणजे पाप. त्याला भिंती हव्यात, झाडं हवीत, शिकार हवी — निसर्ग आहे तो. आणि हे म्हणतंय कोण? ज्यांच्या गच्चीवर चौदा कबुतरं, ढाबळीत! ढाबळ म्हणजे कबुतरांचं लाकडी घर, चार खांबांवर, माझ्या डोक्याइतकं उंच, वर जायला शिडी. रोज पाच वाजता पाखरं सोडायची, दाण्यांचा डबा खुळखुळवला की सगळी परत, एकेक ओळखून आत, आणि दाराला खिट्टी. का? तर बाहेर ससाणे असतात. म्हणजे पाखरांना बाहेर धोका आणि मांजराला बाहेर निसर्ग! नवऱ्याला विचारलं तर हे म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे. यांच्या मते नेहमी दोघांचंही बरोबर असतं.

तर, दार उघडं राहिलं आणि शाई बाहेर गेली. अगदी तसंच सांगितलं मला. मी मान हलवली. मान मी छान हलवते — नणंद सगळ्यांना सांगते, वहिनी अगदी गरीब आहे म्हणून. चौथ्या दिवशी शाई आली, कान फाटलेला, पाय लोंबतोय. आत घेऊ म्हटलं तर सासूबाई दारात आडव्या. ‘बाहेर गेलं की एवढंतेवढं लागायचंच, चाटून बरं करतात ती. गच्चीवर ठेव खोक्यात. मांजराला कसला गं डॉक्टर!’ आठ दिवस, काकू. आठ दिवस ती खोक्यातून ओरडत होती आणि खाली ही माणसं टीव्हीचा आवाज वाढवत होती.

आणि सासऱ्यांनी काय केलं माहितीये? माझं मन रमावं म्हणून ढाबळ माझ्यावर सोपवली. तीस वर्षांत कुणाला हात लावू दिला नव्हता, पोटच्या मुलालासुद्धा नाही. म्हणाले, पाखरांचा लळा लागला की मांजराचं खूळ जाईल. डबा दिला, शीळ घालायला शिकवलं. त्यांच्यात एक पांढरी होती — ती त्यांच्या ओठांतून दाणा टिपायची. आणि लळा लागला हो मला, खोटं कशाला बोलू? तिसऱ्याच दिवशी माझ्याही ओठांतून टिपला तिनं. इतकी हलकी चोच.

काल संध्याकाळी खिट्टी नीट लागली नसेल. जुनं लाकूड, सरकतं कधीकधी. सकाळी सासरे वर गेले तर ढाबळभर पिसं, मेलेली पाखरं, आणि मधोमध शाई, पाय पसरून. नऊ गेली. पांढरी त्यातच. खाल्लं एकही नाही.

काय? शिडी? — हो, आहे ना, आठ पायऱ्यांची. तीन पायांवर चढली कशी म्हणजे... चढली असेल. मांजराच्या जातीला काय — आणि हलकी आहे हो ती, काखेत सहज मावते. फक्त वर पोचल्यावर खिट्टी काढायला एक हात मोकळा लागतो, तेवढंच जरा—

पिंजरा त्या बाजूला का घेतलात?

असू दे. आता सासूबाईच म्हणतात, हिला डॉक्टरकडे ने, काय हवं ते कर, पण यापुढे घरात ठेव, दार लावून, बाहेर म्हणून सोडू नकोस. बघा, शेवटी पटलंच की नाही? जा, तुम्हालाच बोलावतायत. नाही, मी काही भांडले-बिंडले नाही. सासरे पांढरीला मांडीवर घेऊन गच्चीत बसले होते, रिकामाच डबा खुळखुळवत, सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, हे दोघांच्या मधे उभे. चार महिन्यांत पहिल्यांदा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. म्हटलं, ‘दोन दिवस रडाल, बाबा. मग नवी पिल्लं आणली की विसराल.’