बारो म्हणजे 'या हो'

सुखदा : ...आणि तो शिपाई मला विचारतो, पोरगी कुठल्या शाळेत? म्हटलं, शाळेत नाही, मीच घरी शिकवते. तर म्हणाला, मग हेही घरीच शिकवलंय. हंबीररावकाका, माझ्याकडे सहा मुलं शिकतात. भर चौकात ऐकून घेतलं मी.

हंबीरराव : अक्का, चूक काय बोलला तो? वर्दीतल्या माणसाला रस्त्यात 'बारो' म्हणते ही. आमच्या इथल्या शिवाजीनगरात एवढ्यावर डोकी फुटतात.

शाल्मली : मला अर्थ माहीत नव्हता.

हंबीरराव : सोळा वर्षांची घोडी तू. दोन वर्षं झाली ना पुण्याहून या कन्नड मुलखात येऊन?

शाल्मली : मला वाटलं, 'बा' म्हणजे ये, आणि 'रो' म्हणजे आपलं 'हो'. या हो.

हंबीरराव : 'या हो' नव्हे, 'ये रे'. मोठ्या माणसाला 'बन्नि' म्हणायचं.

सुखदा : पाचच्या आत चौकीत माफीपत्र द्यायचंय, नाहीतर हिचं नाव नोंदवणार आहेत. आणि ही बया पेन उचलत नाही. पोलिसांचा मान काय असतो, ते सगळ्या मुलांना सांगायला तुम्हाला उद्या बोलावणार होते. पदकांचा कोट घेऊन आलाच आहात, तर आज आधी हिला सांगा.

शाल्मली : एक बाई स्कूटरवरून पडली होती, आई. म्हणून हाक मारली मी. ते तिला ओलांडून माझ्यावर ओरडायला आले. हे लिहू का पत्रात?

सुखदा : उलट बोलू नकोस.

हंबीरराव : चौतीस वर्षं नोकरी केली मी. हेड कॉन्स्टेबल म्हणून सुटलो. आठ तास उन्हात उभी राहा, मग बोल. हा शब्द शिकवला कुणी? ऑटोवाल्यांनी?

शाल्मली : त्याच शिपायांनी.

सुखदा : शाल्मली.

शाल्मली : तूच प्रोजेक्ट दिलंस ना? तीन सकाळी सिग्नलवर उभी राहा, पोलीस काय करतात, काय बोलतात ते लिही. ही वही. कारवाल्यांना 'सर', नऊ वेळा. ऑटोवाल्यांना 'बारो इल्ली', म्हणजे इकडे ये, चौदा वेळा. बोलावण्याचा कन्नड शब्द मला तेवढाच मिळाला. 'बन्नि' एकदाही नाही.

हंबीरराव : आण इकडे. हे काय, 'पांढरी दाढी'?

शाल्मली : एक ऑटोवाले आजोबा. तुमच्याहून मोठे असतील. त्यांनाही तेच.

हंबीरराव : मग?

शाल्मली : पळत आले. एक चप्पल मागेच राहिली.

(हंबीरराव वही मिटत नाहीत.)

सुखदा : काका, ते राहू द्या. चार वाजून गेले.

हंबीरराव : स्वल्प थांबा, अक्का. मी बोलावल्यावर कुणी चालत आलेलं मला आठवत नाही. सगळे पळतच यायचे. मला वाटायचं, मान देतात.

शाल्मली : शब्द चुकला, हे लिहीन मी. पण कुठे शिकले, तेही लिहीन.

सुखदा : मग ते पत्र घेणार नाहीत.

शाल्मली : मग काय, घरी शिकले असं लिहू?

हंबीरराव : लिही, अम्मा. दोन्ही लिही. मी नेऊन देतो.

सुखदा : काका, कोट राहिला तुमचा. पदकं लावलेला.

हंबीरराव : राहू दे इथंच. असाच जातो. मला 'बन्नि' म्हणून आत बोलावतात की 'बारो', ते बघू.