जात्यावरचं गाणं

माधवनगरच्या गिरणीचा पट्टा तुटला आणि इंजिन बंद पडलं. रांगेत डबा घेऊन बसलेल्या प्रमोदिनीला मागच्या नवरा-बायकोचं बोलणं आपसूक ऐकू यायला लागलं. दोघंही साठीच्या पुढची. म्हातारा कुरकुरत होता.

“घरी दळलं आस्तंस तर एवढ्यात भाकरी झाली आस्ती.”

“आवं, खांदा उचलत न्हाई आता.”

“खांद्याचं न्हवं गं. जातं थांबलं, तुझं गाणंबी थांबलं. आता मला कायबी कळत न्हाई.”

“काय कळायचं त्यात?”

“तुझ्या मनातलं. ‘धनी माझा अबोल, उंबऱ्याशी मी बोलते’ म्हणायचीस. ते ऐकूनच मी सांजचं पारावर जायाचं सोडलं.”

“म्हणून घरी बसायला लागला व्हय? मला वाटलं, बाहेर कुणाशी बिनसलं.”

“आन् हिरव्या चुड्याचं गायलीस, तवा मिरजंहून चुडा आणला.”

“तवा मी लय घाबरले व्हते. हे काय मधीच, म्हटलं. आवं, ती गाणी माझ्या आईची. आमच्या बापावर रचलेली.”

“सगळीच?”

“सगळीच.”

“मग माझ्यावर कंचं?”

“तुमच्यावर रचाया घेतलं की जातं जड व्हायचं. मग तशीच गप दळायची.”

पट्टा बसला. गिरणीवाल्यानं प्रमोदिनीला हाक मारली, पण ती उठली नाही.

“गप दळायचीस,” म्हातारा म्हणाला. “आन् मी अंथरुणात पडून म्हणायचो, आज बाई खूश हाय.”