मनीषाची पावलं

मोबाईलनं खेळ सुधरते म्हणता ना, ऐका मंग. मी धानोऱ्याकडं पीटी शिकवतो. वरून हुकूम आला, एका पोराजवळ मोबाईल देऊन दिवसभराची पावलं मोजा अन् अ‍ॅपवर टाका. मी आदल्या दिवशी शाळा सुटतानाच सातवीतल्या मनीषाच्या कंबरेले बांधला. मोहफुलाचे दिवस होते. पोरगी पहाटेच आईसंग जंगलात मोह वेचून आली, मंग दुसऱ्या गावावरून पायी शाळेत, अन् शाळा सुटल्यावर सरपणाले. आकडा आला तीस हजार! मी खूश. रेंजसाठी तलावाच्या पाळीवर चढलो अन् पाठवून देल्ला.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा फोन. "सर, मोबाईल बकरीले बांधला होता काय?"

"नाई साहेब, पोरीलेच."

"अ‍ॅप एवढे घेत नाई, खोटं दाखवून राह्यलं. आजच्या आज दुसरा आकडा टाका, नाईतं नोटीस निघते."

"अन् ते पोरगी खरंच चालली त्याचं काय करू?"

"तिले सांगा, मोजाच्या दिवशी कमी चालत जाय."

माह्यं डोस्कंच फिरलं. मोबाईल माह्याच खिशात टाकला अन् दिवसभर खुर्चीवर बसून साहेबाचेच ऑनलाईन फॉर्म भरले. झाले सहाशे पावलं. तेच मनीषाच्या नावानं टाकले. अ‍ॅपनं पटकन घेतले, वरून संदेश धाडला: 'प्रिय मनीषा, तुझी हालचाल फार कमी आहे. शाळेत पायी जाण्याची सवय लाव.'

मनीषानं तो वाचला. मंग माह्या पोटाकडं पाह्यलं अन् म्हणे, "सर, हे तुमच्यासाठी हाये."