जांघेतली गाठ

माझं माहेर आंदर मावळातलं आन् सासरबी तितलंच, एक डोंगूर उतरायचा नि दुसरा चढायचा, एवढाच काय तो माझा प्रवास. आज तुमाला घावली ती एष्टी कवा येती, कवा न्हाई, पायच आमची गाडी. पाय गेला की आमच्याकडं माणूसच गेलं म्हना.

भाताची लावणी चालली हुती, दिसभर वाकून, आन् उजव्या जांघंत गाठ लागली हाताला. पाय उचलला की कळ यायची. जाऊबाईला दावली. ती म्हनली, अगं अवधान आलंय, पायाच्या जखमंनं जांघंत गाठ येती तसलं, पायात काटा ऱ्हायला आसंल. आमच्याकडं जांघंत गाठ आली की पयला काटाच हुडकत्यात. झालं, बसली माझं पाऊल मांडीवर घेऊन सुईनं उकरीत, काटा काय घावंना आन् ती काय थांबंना, लय चिवट बाई. वर बिब्ब्याचा चटका दिला. पाऊल पिकलं, गाठ लिंबाएवढी झाली, आन् समदा पाय सुजला. मग मातर माझं धाबं दणाणलं. वाईट गाठ हाय ही, आता काय खरं न्हाई. मालकाला सांगायची चोरी, जागाच तसली, काय सांगू तुमाला!

शेवटी जाऊबाईनंच लोणावळ्याला नेलं, बाई डाक्टरकडं. थंडगार कायतरी लावून मशीन फिरवली. ती बाई टीव्हीकडं बघती, परत फिरवती, परत बघती. मी म्हनलं, बाई, काय आसंल ते तोंडावर सांगा, घरी म्हस हाय, तिची सोय लावाय पायजे. तर ती म्हनली, मावशी, खुब्याच्या सांध्याम्होरं एक पातळ पिशवी आसती, समद्यांनाच आसती, वरचं मांस हाडावर घासू नये म्हून. तुमचा सांधा झिजलाय, म्हून तिच्यात पानी भरलंय, ती रक्ताच्या शिरंला दाबती, म्हून पाय सुजला. वाईट काय न्हाई. मी तितंच रडाय लागले, आन् जाऊ माझ्यापरीस मोठ्यानं.

सुईनं पानी काढलं. पन बाई म्हनली, परत भरलबी, वाकायचं कमी करा. आता भात काय उभ्यानं लावायचा व्हय?

तवापासनं सकाळी डोळा उघडला की हात पयला तितंच जातो. श्वास धरून चाचपती. आजबी चाचपलं. न्हवती. म्हून तर तुमाला घ्यायला फाट्यापातूर चालत आले. तुमचंबी पाय असंच चालतं ऱ्हाऊंद्यात, बाबा.