सातवी आसरा

नाही, पण मी म्हणतो, इंद्राला कसं जमत असेल हो? टाळी वाजवली की रंभा हजर, मेनका हजर! आणि इथे गंगापूर रोडला, बत्तीस फ्लॅटांच्या सोसायटीत, मला मंगळवारी दुपारी जेवायला सात बायका मिळेनात!

तुम्हाला सांगतो, मी सोसायटीचा सेक्रेटरी. बोअर मारली तीनशे फूट, निघाली नुसती धूळ... तेव्हापासून जिन्यात लोक असं बघतात, जणू पाणी मीच पिऊन बसलोय! तेवढ्यात दिंडोरीहून सासूबाई आल्या, सगुणाबाई. "जावईबापू, पाण्यात साती आसरा ऱ्हात्यात. सातीच्या साती अप्सरा! त्यांना न इचारता भोक पाडलं तुम्ही? सात सवाष्णी जेवू घाला, पाणी लागंल."

घाला म्हणे! सातवी मिळायला नको? वरच्या मजल्यावरची निकिता म्हणते, "काका, मीटिंग आहे, पार्सल द्याल?" आसरेचं पार्सल! रोहिणीवहिनी म्हणतात, "पुरणपोळी? मी गोड सोडलंय, सॅलड आहे का?" आता मेनका सॅलडवर असती तर विश्वामित्र उठला असता का हो जागचा? हातापाया पडून सहा जमवल्या. पाट मांडले, ताटं वाढली, पोळ्या गार व्हायला लागल्या, आमची बायको उज्ज्वला माझ्याकडे डोळे वटारून बघतेय, आणि सातवी मिळेना!

धावलो खाली. गेटात पाण्याचा टँकर, आणि टँकरवरून उतरतेय मालकीण लंकाबाई, कपाळावर हे एवढं कुंकू! म्हटलं, "ताई, देवीचं जेवण आहे, चला!"

"चला की, लय भूक लागलीय!"

सहा पोळ्या खाल्ल्या हो माउलीने, वर वाटीभर तूप! सासूबाईंनी खणा-नारळाने ओटी भरली, मी पायावर डोकं ठेवलं. "आसरामाई, आमच्या बोअरला पाणी लागू दे!"

विडा तोंडात घालता घालता लंकाबाई थांबली. "बोअरला? ओ दादा, मंग माझ्या टँकरला कोन इचारंल?"

सासूबाई माझ्या कानात, "सवाष्ण नाराज उठली तर संपलं बरं का!" मी पाय सोडेना. लंकाबाईने एकदा रिकाम्या ताटाकडे पाहिलं, एकदा माझ्या टकलाकडे, आणि म्हणाली, "बरं, देते आशीर्वाद. पन अर्धाच! मलाबी पोट हाय."

आणि काय सांगू, आठवड्यात पाणी लागलं! पेढे वाटले, जिन्यातले लोक हसून बोलायला लागले... पण बोअर एक दिवस धो धो, दुसऱ्या दिवशी ठणठणीत कोरडी! त्या दिवशी लंकाबाईचा टँकर. आता तक्रार तरी कुठे करणार? देवीच हॉर्न वाजवत गेटात उभी!