पूजेतली पक्कड

अगं, चहा निवला तरी चालंल, आधी हे ऐक. बारावीला माझा इलेक्ट्रिकलचा कोर्स होता. शाळेनं इंदापुरातल्या दुकानदारांशी ठरवलेलं, निम्मा आठवडा वर्ग, निम्मा आठवडा त्यांच्याकडं काम. मला मोटार रिवाइंडिंगचं, म्हंजे पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान मिळालं. मालक तात्यांनी पहिल्याच दिवशी पक्कड हातात दिली. "ही तुझी. दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा न्हाय."

खंडेनवमीला तात्यांनी सगळ्यांची हत्यारं पूजेला मांडली, माझी पक्कडसुद्धा. तेवढ्यात मामा आला. "चल घरी कळसला, तुला बघायला पाहुणे आलेत."

मी विचारलं, "तात्या, पक्कड नेऊ?"

"पूजेतलं हत्यार आज उचलत न्हाईत. दसरा झाला की ये."

दसरा झाला, पण त्याच पाहुण्यांकडं माझं लग्नच ठरलं. दुकान सुटलं, बारावी सुटली. सासरी कुणाची मोटार जळाली, की त्या वासानं माझे हात शिवशिवायचे.

परवा आमचीच जळाली. ह्यांच्याबरोबर मीही त्याच दुकानात गेले. खिळ्याला माझी पक्कड, मुठीला यंदाच्या पूजेचं कुंकू! तात्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. हे शेजारीच उभे.

तात्या म्हणाले, "दसरा कवाच झाला गं पोरी. गेले का पाहुणे?"